चन्नय्यांची आंबील आणि आपला सकाळचा चहा



मठातले प्रवचन संपले, मंगलारती झाली, की मंडळी लगेच उठत नाहीत. कुणी प्रसादाच्या पंक्तीची वाट पाहत असतो, कुणाला काही विचारायचे असते. अशाच एका संध्याकाळी एका निवृत्त एसटी चालकाने उठून विचारले, "इष्टलिंगपूजेच्या आधी चहा घेतला तर चालतो काय? पहाटे चारच्या गाडीवर तीस वर्षं काढली. आता ड्युटी नाही, पण चारला जाग येते आणि जाग आली की पहिली आठवण चहाची होते, लिंगाची नाही. याचे मला वाईट वाटते."

सभेत हशा पिकला. विचारणारा मात्र हसला नाही. त्याचा प्रश्न दोन पदरी होता. चहा पूजेच्या आधी घ्यावा की नंतर, हा पहिला पदर. दुसरा पदर अधिक खोल आहे. चहाची गोडी लागणे, त्याची वाट पाहणे, तो आवडीने पिणे हा भक्ताचा दोष आहे काय? दिवसाची पहिली इच्छा कोणती आणि ती आपण कुठे नेतो, यावर पुढचा सारा दिवस अवलंबून असतो. म्हणून हा प्रश्न हसून सोडण्यासारखा नाही. आज त्याचाच विचार करू.

शरणांच्या काळी चहा नव्हता

बाराव्या शतकातील शरणांना चहा ठाऊक नव्हता, हे उघड आहे. आसामात चहाच्या लागवडीला सुरुवात झाली ती 1830 च्या दशकात, आणि तेव्हाचा माल बहुतेक विलायतेला जात असे. 1903 साली चहावर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे 1930 च्या दशकात पाने चिरडून, फाडून, गोळी करण्याची यंत्रे आली. त्या दाणेदार चहाचा रंग थोड्या पुडीत उतरतो, म्हणून तो गरिबालाही परवडू लागला. कॉफीची हकीकत याहून जुनी. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आपला सीमाभाग या दोन्ही पेयांच्या मधोमध आहे. एका घरात चहाचे आधण चढते, तर शेजारच्या घरात कॉफीचा वास सुटतो.

मग त्याआधी आपल्या भागात सकाळी काय घेत असत? आंबील. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ रात्री भिजत घालायचे, सकाळी ते शिजवायचे, निवल्यावर ताक, मीठ आणि असलाच तर लसणाचा ठेचा घालून प्यायचे. शेतावर जाणाऱ्याचा तोच आधार होता. कन्नडमध्ये तिला अंबली म्हणतात.

आंबील म्हटली की मादार चन्नय्यांची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. चन्नय्या जातीने मादार. चोळ राजाच्या घोड्यांना गवत आणून घालणे हे त्यांचे काम. त्यांची शिवभक्ती गुप्त होती. कथा अशी सांगतात, की राजा रोज शिवाला पंचपक्वान्नांचा नैवेद्य दाखवी. एके दिवशी शिवाने त्याला तोंडच लावले नाही. राजा कळवळला. तेव्हा त्याला कळले, की आज शिव चन्नय्यांच्या घरी आंबील जेवून तृप्त झाला आहे. राजा गवत्याच्या झोपडीशी गेला आणि त्याच्या पायावर पडला. महात्मा बसवण्णांनी पुढे याच चन्नय्यांना आपल्या घरचे वडीलधारे मानले.

या कथेवर प्रवचने पुष्कळ होतात आणि त्यांतून एकच तात्पर्य काढले जाते, की देवाला श्रीमंती नको, भाव हवा. ते खरे आहे. पण कथेत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. शिवाला ती आंबील आवडली. चन्नय्यांनी ती नाक मुरडून, केवळ देह जगवायचा म्हणून केली असती, तर तिला चव कुठून आली असती? पीठ वेळेवर भिजले होते, खाली लागू न देता ढवळले होते, मीठ बेताचे पडले होते. करणाऱ्याचे सारे चित्त त्या मडक्यात होते. म्हणजे भक्ताच्या घरी रुचीला मज्जाव नाही. रुचीसह ते अन्न शिवाला पोचले, हे या कथेचे मर्म आहे.

गोडी हा दोष आहे काय?

याबाबत दोन मते आपल्या कानावर येतात. एक मत म्हणते, जिभेचे चोचले तोडा. या मताला मोठा आधार आहे. महात्मा गांधींनी 1942 साली आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात चहा, कॉफी आणि कोको यांची शरीराला गरज नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. दुसरे मत म्हणते, आयुष्य चार दिवसांचे आहे, खा, प्या, उगाच मन मारू नका.

शरणांचा मार्ग या दोहोंहून वेगळा आहे. त्यांनी इंद्रियांना शत्रू ठरवले नाही आणि धनीही केले नाही. त्यांनी इंद्रियांना पुजारी केले. षट्स्थल सिद्धांतात सहा लिंगे सांगितली आहेत आणि प्रत्येक लिंगाला एकेका इंद्रियाच्या द्वारे अर्पण सांगितले आहे. नाकाच्या द्वारे गंध आचारलिंगाला. जिभेच्या द्वारे रस गुरुलिंगाला. डोळ्यांच्या द्वारे रूप शिवलिंगाला. त्वचेच्या द्वारे स्पर्श जंगमलिंगाला. कानांच्या द्वारे शब्द प्रसादलिंगाला. आणि हृदयाच्या द्वारे तृप्ती महालिंगाला.

वाचकहो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जगातले एकही सुख येथे टाकून दिलेले नाही. ते परस्पर खिशात घालू नये, एवढेच सांगितले आहे. आधी लिंगाला, मग आपल्याला. जे अर्पण न करता घेतले तो भोग आणि जे अर्पण करून घेतले तो प्रसाद. पदार्थ तोच असतो. कपही तोच असतो. फरक घेणाऱ्यात असतो.

मग आपला सकाळचा चहा यातला कोणता? खरे सांगायचे तर तो भोगही नसतो. भोगणाऱ्याला निदान चव तरी कळते. आपण एका हातात कप आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र किंवा मोबाईल घेतो. कालच्या भांडणाचा विचार डोक्यात असतो. कप रिकामा झाल्यावर लक्षात येते, की चहा संपला. मग "आज चहा लागला नाही" म्हणून दुसरा कप मागतो. चहा लागला नाही, कारण तो पिताना आपण तिथे नव्हतो. अशा पिण्यात भोग नाही, त्याग नाही, प्रसाद तर नाहीच.

सहा द्वारे, एक कप

ज्यांना सकाळचा चहा अधिक गोड व्हावा असे वाटते, त्यांनी साखर वाढवू नये. एक आठवडा एवढेच करून पाहावे.

पहिले द्वार कानाचे. आधण ठेवल्यावर तेथून हलू नका. पाणी तापताना आधी बारीक सूं असा आवाज येतो, मग तो वाढतो आणि उकळी फुटली की बदलतो. त्या दोन-तीन मिनिटांत दुसरे काही बोलू नका. मनात षडक्षरी मंत्र चालू द्या. प्रसादलिंगाला याहून सोपे अर्पण कोणते?

दुसरे द्वार नाकाचे. आले ठेचून पाण्यातच टाका आणि चांगले उकळू द्या. कच्चे आले दुधात पडले तर दूध फाटण्याचा संभव असतो. आल्यातला एक घटक ते करतो आणि उकळल्याने तो निष्प्रभ होतो. परसात गवती चहा असेल तर दोन पाती पुरतात. वेलदोडा मात्र शेवटी, उतरवण्याच्या बेतात टाकावा. त्याचा वास उडून जाणारा असतो, फार उकळला तर तो स्वयंपाकघराला मिळतो, कपाला मिळत नाही. झाकण काढाल तेव्हा पहिली वाफ आचारलिंगाची.

तिसरे द्वार डोळ्यांचे. पूड घातल्यावर पाण्यात तांबूस रेघा सुटतात. दूध पडले की तो रंग विटकरी होतो. हे आपण रोज पाहतो, पण बघत कधीच नाही. पूड फार वेळ उकळली तर तुरटपणा उतरतो. रंग पाहून उतरवणाऱ्याला घड्याळ लागत नाही.

चौथे द्वार त्वचेचे. कप दोन्ही हातांनी धरा. डिसेंबरातल्या बेळगावच्या थंडीत हे कुणाला शिकवावे लागत नाही. इष्टलिंग आपण तळहातावर घेतो. त्याच तळहातावर ही ऊब घेताना त्याची आठवण व्हावी, एवढेच.

पाचवे द्वार जिभेचे. पहिला घोट गिळण्याआधी क्षणभर जिभेवर थांबू द्या. आले कुठे लागते, साखर कुठे लागते, तुरटपणा कुठे लागतो, हे कळू द्या. पहिला घोट गुरुलिंगाचा.

सहावे द्वार हृदयाचे, म्हणजे तृप्तीचे. येथे आपण बहुतेक सारे अडखळतो. गंध, रूप, रस यांसाठी सामान लागते. तृप्तीसाठी काहीच आणावे लागत नाही, फक्त थांबावे लागते.

पुरे म्हणणारी लक्कम्मा

थांबणे कसे असते, हे आयदक्की लक्कम्मांनी शिकवले. आयदक्की मारय्या कल्याणमध्ये शरणांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत आणि त्यावर दासोह चालत असे. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि सांगितले, हे आपल्या वाट्याचे नाहीत, जास्तीचे तिथेच परत टाकून या. घरात अन्नाची रेलचेल होती म्हणून त्यांनी असे सांगितले नाही. घरात दारिद्र्यच होते. तरीही पुरेसे किती, याचा हिशोब त्या बाईच्या मनात पक्का होता.

आपण आपल्या कपाचा हिशोब करू. दोन चमचे साखरेचा कप, दिवसाला चार कप. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर रोजचे 40 ग्रॅम, वर्षाचे साडेचौदा किलोच्या आसपास. हे नुसत्या चहाचे झाले. शिरा, पेढे आणि जत्रेची मिठाई वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सुचवलेली मर्यादा अशी, की प्रौढ माणसाने वरून घातलेली सारी साखर मिळून दिवसाला सुमारे 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि 25 च्या आत ठेवली तर अधिक चांगले. आपल्या मठाच्या सभेत नजर फिरवली तर मधुमेहाच्या गोळ्या खिशात नसलेले किती निघतील? शिवाय जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागण्यात त्याचा अडथळा होतो. आपल्या घरांतील स्त्रियांत रक्त कमी असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे.

पण लक्कम्मांची शिकवण केवळ प्रकृतीसाठी नाही. चौथा कप आपण तहानेने घेत नाही. पहिल्या तिघांत मन नव्हते म्हणून घेतो. ज्याने पहिला कप सहाही द्वारांनी घेतला, त्याला "पुरे" म्हणायला कष्ट पडत नाहीत. पुरे म्हणणे ही उपासमार नव्हे. ज्याला खरी चव कळली, त्याच्या तोंडूनच तो शब्द सहज निघतो.

आधी की नंतर?

आता त्या चालकबंधूंचा पहिला प्रश्न. पूजेआधी चहा चालतो काय?

ज्या घरांत स्नान, विभूतिधारण आणि लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत, त्यांची निष्ठा वंदनीय आहे. ज्यांना ते जमते त्यांनी अवश्य करावे. दिवसाच्या पहिल्या इच्छेला थोडे थांबवणे ही मोठी साधना आहे. पण रक्तदाबाची गोळी पहाटे घ्यावी लागणारे वृद्ध, रात्रपाळी करून आलेला कामगार, बाळाला पाजणारी आई यांना एकच माप लावू नये. आपले इष्टलिंग देव्हाऱ्यात कुलूपबंद नसते, ते चोवीस तास अंगावर असते. जे सदैव अंगावर आहे, त्याच्या "आधी" आपण काय घेणार? तळहातावर घेऊन पूजा करायची वेळ ठरलेली असेल. अर्पणाची वेळ ठरलेली नाही. पहाटे चारला कप हाती आला तर छातीवरच्या लिंगाचे स्मरण करून तो घ्यावा. वाईट वाटून घेत चोरून पिण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

नुलिय चंदय्यांची कथा तुम्हाला माहीत आहे. दोरासाठी गवत कापताना त्यांचे लिंग पाण्यात पडले, तरी ते कायक सोडून थांबले नाहीत. पुढे लिंगच त्यांच्यामागे आले, असे सांगतात. या कथेचा अर्थ पूजा टाळावी असा नाही. नियम कशासाठी आहे, हे विसरून नुसता नियम धरू नये, असा आहे.

येथे मला थांबून एक उलटा प्रश्न विचारावासा वाटतो. पूजेआधी चहा घेतला तर शुद्धता जाईल काय, याची चिंता आपण करतो. पण शरणांनी शुद्धतेबद्दल काय सांगितले? त्यांनी पाच सूतके झुगारून दिली. जननाचे, मरणाचे, रजाचे, उच्छिष्टाचे आणि जातीचे. लिंग अंगावर असलेल्याला यातले एकही सूतक नाही. आता शेवटची दोन पुन्हा वाचा. उच्छिष्ट आणि जाती. म्हणजे उष्टे आणि कुळ. या दोन्ही सूतकांची आजची जागा कोणती, असे कुणी विचारले, तर मी म्हणेन, स्वयंपाकघराच्या खिडकीतला वेगळा कप.

खिडकीतला कप

दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही, म्हणून स्वतःच्या घरचेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी आमची मंडळी दोन महिने तिच्या सासरगावी गेली होती. घरी मी एकटा. तोवर चहा हा माझ्यासमोर आपोआप येणारा पदार्थ होता. आता तो करावा लागला. पहिल्या आठवड्यात दोनदा उतू गेला, एकदा दूध फाटले. आठवडाभरात एक गोष्ट कळली, की जो चहा करतो त्याचा चहा निवतो. गाळणी धुवायची असते, दूध झाकायचे असते, तेवढ्यात दारावर कुणी येते. पस्तीस वर्षे मी गरम चहा प्यालो आणि घरातले कुणी तरी पस्तीस वर्षे निवलेला प्याले. हे मला बासष्टाव्या वर्षी समजले.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. भांड्यांना येणाऱ्या मावशी सकाळी आठला येत. त्यांना चहा द्यायची पद्धत होती, ती मोडू नये म्हणून मी मांडणीवरचा कप काढला. मी तो भरण्याआधीच मावशी खिडकीपाशी गेल्या, पडद्यामागे हात घातला आणि एक कान तुटलेला कप काढून माझ्यासमोर धरला. वर म्हणाल्या, "ह्यात ओता." त्यांनी ते अगदी सहज केले. त्या कपाची जागा त्यांना ठाऊक होती. मला ठाऊक नव्हती. ज्या घरात मी रोज लिंगपूजा करतो, बसवजयंतीला ज्याच्या ओसरीवर वचने गातो, त्या घरात इतकी वर्षे तो कप होता आणि मी तो पाहिलाच नव्हता. डोळ्यांच्या द्वाराने शिवलिंगाला रूप अर्पण करतो म्हणणाऱ्याचे डोळे हे असे.

मी म्हटले, "मावशी, यातून घ्या. हाही कपच आहे." त्या तयार होईनात. "मला माझाच बरा," म्हणाल्या. मी फार आग्रह केला तेव्हा त्यांनी विचारले, "बाईसाहेबांस्नी विचारलासा काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मला एका सकाळीत उदार व्हायचे होते. त्यांना दोन महिन्यांनंतरही त्या घरात काम करायचे होते. शेवटी मी तो कान तुटका कप स्वतःकडे घेतला आणि दुसरा त्यांच्यापुढे ठेवला. त्या दिवशी त्या चहा न घेताच गेल्या. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी घेतला, उभ्यानेच, माझ्याकडे पाठ करून.

मंडळी परत आल्यावर मी सगळे सांगितले, थोड्या उपदेशाच्या सुरातच. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "कप मी ठेवला आणि वचने तुम्ही म्हटलीत, असे होत नाही. तो तुमच्या आईंनी ठेवला, आणि आपण दोघांनी चालवला. मला सून म्हणून विचारायची सोय नव्हती. तुम्हाला होती." यावर मी काय बोलणार?

आता आमच्या मांडणीवर सगळे कप एकत्र असतात. पण सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. मावशी आपला कप अजूनही वेगळा विसळून पालथा घालतात. इतक्या वर्षांची सवय आमच्या एका निश्चयाने जाणार नाही. ती आम्ही लावली, त्यांनी नव्हे. पण त्या आता बसून चहा घेतात, आणि साखर कमी झाली तर तसे सांगतात. आमच्या घरातला हा बदल एवढाच आहे.

कावळ्याची हाक

बसवण्णांचे कावळा आणि कोंबडी यांचा दाखला देणारे वचन तुम्हा सर्वांना परिचित आहे. शिताकणासाठीही आपल्या गोतावळ्याला हाक मारणारे ते पक्षी त्यांनी भक्तासमोर आदर्श म्हणून ठेवले. आपणही सकाळी हाक मारतो. "चहा झाला, या रे!" ही हाक कुणाकुणापर्यंत जाते, यावर आपला चहा प्रसाद आहे की नाही, हे ठरते. चहा करणारीपर्यंत ती जाते काय? भांडी घासणारीपर्यंत जाते काय? की मोजक्या खुर्च्यांपाशीच संपते?

हाक तिथेच संपली, तर सहा द्वारांचा सारा खटाटोप हा नुसता सुधारलेला चोचला ठरेल. आले ठेचून, वेलदोडा शेवटी टाकून, मंत्र म्हणत केलेला चहासुद्धा राजाच्या पंचपक्वान्नाच्याच पंक्तीला जाऊन बसेल, ज्याला शिवाने तोंड लावले नाही. आणि हाक सगळ्यांपर्यंत पोचली, तर साधी, बिनदुधाची, गुळाची उकळीसुद्धा चन्नय्यांच्या आंबिलीच्या जवळ जाईल.

त्या चालकबंधूंना मी एवढेच सांगेन, की जाग आल्यावर चहाची आठवण होते, याचे वाईट वाटून घेऊ नका. त्या आठवणीला लिंगाची आठवण जोडा. चारला आपणच उठता, तर आधण आपणच ठेवा. पहिला कप गाळून ज्या माउलीने तीस वर्षे पहाटे उठून तुम्हाला चहा करून दिला, तिच्या हाती गरम द्या. तुमचा थोडा निवला तरी चालेल.

एक महिना एवढे करून पाहावे, अशी सर्व वाचकांना विनंती आहे. एक कप, लक्षपूर्वक. साखर एक चमचा कमी. चहा करणाऱ्याने शेवटी नव्हे, सर्वांबरोबर बसायचे. आणि आज घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीतला पडदा एकदा स्वतःच्या हाताने बाजूला करून पाहायचा. तिथे काही नसेल तर आनंद आहे. असेल तर पूजेआधी चहा की चहाआधी पूजा, हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. आधी तो कप उचलावा.

शरणु शरणार्थी.